घर अजून उभं आहे, आत्या

आत्या, आज सकाळी चहा पिऊन झाला तरी माझं काहीच ठरलं नव्हतं. रिकामा कप हातात धरून मी चुलीसमोर बसून राहिले. प्रकाशने विचारलं, "भाजी कसली करतेस?" नवरा भाजी विचारतोय आणि बायको त्याच्या तोंडाकडे बघतेय! शेवटी तोच उठला, कांदे चिरले, मिनूचा डबा भरला आणि कामावर गेला. तू गेल्याला आज अठरा दिवस झाले. या अठरा दिवसांत एकदाही चहाच्या आधी माझं काही ठरलेलं नाही.

तू असतीस तर हातातला कप काढून घेतला असतास. "आधी ठरव, मग घोट." आई गेल्यावर बारा वर्षांची मी तुझ्या दारात आले, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून हा नियम लागू झाला. चहा ओठाला लागायच्या आत दिवसाची एक गोष्ट ठरवायची, कितीही फालतू असो, आणि ऊन उतरेपर्यंत ती बदलायची नाही. आज लाल फीत बांधणार. आज पहिल्या बाकावर बसणार. आज गणिताच्या गुरुजींना न घाबरता प्रश्न विचारणार. लाल फीत की काळी यावर मी अर्धा तास काढायची आणि तू माझ्या चहावर बशी झाकून समोर बसून राहायचीस. "चहा गार झाला गे रंजू. तुझं आपलं कायम तळ्यात-मळ्यात." मला तेव्हा तो निव्वळ छळ वाटायचा. एकदा रागाने मी ठरवलं की आज चहाच पिणार नाही. तू म्हणालीस, "वा! ठरवलंस की!" आणि माझा चहा तूच पिऊन टाकलास.

"लहान लहान ठरवायची सवय लागली की मोठं अंगावर आलं तरी माणूस पळत नाही," असं तू म्हणायचीस. आणि त्याला जोडून तुझा दुसरा नियम. ठरवायच्या आधी सतरा जणांना विचार, पण एकदा ठरलं की ठरलं. मग कुणाला विचारायचं नाही, आणि कुणी कुरकुरायचंही नाही. घरात एकाने ठरवलं की बाकीच्यांनी पाठीशी उभं राहायचं. आत्या, मी आज तुझ्याशी भांडायला बसले आहे ती या दुसऱ्या नियमावरून. आणि आज मला एक गोष्ट ठरवायचीच आहे, कारण परवापासून आपली पोर, मिनू, खोकायला लागली आहे. तिला घरात झोपवायचं की बाहेर तंबूतच ठेवायचं, एवढंच. एवढं मला ठरवता येत नाही.

तुझ्या हाताची कलमं लोक अजून विचारत येतात. काल सायवनहून एक जण आला, म्हणाला, "जमनाबाईंनी दिलेली दहाच्या दहा लागली. अजून द्या." मी त्याला काय देऊ? शेवटी तू बांधलेली पंचवीस रोपं अजून चिकूच्या झाडाला तशीच बांधलेली आहेत. काप द्यायची वेळ झाली आहे की नाही, बघायला मी रोज जाते आणि कोयता तसाच घेऊन परत येते.

या कापावरूनच तू मला पहिल्यांदा खरं काही शिकवलंस. सोळा वर्षांची असेन. खिरणीचं रोप पिशवीत, पिशवी चिकूच्या फांदीला टेकवलेली, दोघांची साल तासून जखमेला जखम लावून घट्ट बांधायची. मग तीन महिने थांबायचं. जोड जमला की चिकूच्या बाजूने काप देऊन कलम झाडापासून वेगळं करायचं. तू कोसबाडच्या रोपवाटिकेत मजुरीला जात असताना हे शिकलीस आणि तिथल्या शिकल्यासवरल्या लोकांपेक्षा तुझा हात बरा निघाला. त्या वर्षी तू चार दिवस बाहेर गेली होतीस. तू आल्यावर खूश होशील म्हणून मी घाई केली आणि साठ कलमांना काप देऊन टाकला. आठ दिवसांत साठच्या साठ वाळली. मी कोपऱ्यात तोंड खुपसून बसले होते. मला वाटलं, आता मार पडणार.

तू मारलं नाहीस. माझ्या शेजारी येऊन बसलीस आणि स्वतःही रडलीस, चांगली मोठ्याने. तुझं ते रडणं बघून मीच गप्प झाले. पेज खायची वेळ झाली तशी तू उठलीस, हात धुतलेस आणि म्हणालीस, "बस. रडायचं पेजेपर्यंत. आता पिशव्या भर." दुपारभर आपण नव्या पिशव्या भरल्या. तू एकदाही म्हणाली नाहीस की घाई का केलीस. मग तिसऱ्या दिवशी चहाच्या वेळी सहज म्हणालीस, "कलम कापायचं ठरवताना माझा विचार केलास. कलमाचा केला नाहीस." हे मला आजही पाठ आहे. पण पाठ असून काय उपयोग झाला?

बचत गटाच्या त्या शिबिराची आठवण आली की अजूनही हसू येतं. शहरातून एक सर आले होते, पांढरे बूट घालून. आत्मविश्वास कसा वाढवावा यावर दोन तास बोलले. रोज सकाळी आरशात बघा आणि स्वतःला सांगा, मी जिंकणार, मी जिंकणार. घरी आल्यावर म्हणालीस, "हा माणूस जिंकून काय करतो गे? ह्याच्याकडे रोपं किती आहेत?" दुसऱ्या दिवशी मी बघितलं तर तू न्हाणीघरातल्या फुटक्या आरशासमोर उभी. मी विचारलं, "काय, जिंकलीस का?" तू म्हणालीस, "दात दुखतोय तो बघतेय." खोटारडी! तुझा तो दात पाच वर्षांपूर्वीच पडला होता.

दोन हजार चौदा साली प्रकाशला उमरगावच्या कारखान्यात काम मिळालं आणि आम्ही मिनूला घेऊन तुझ्याकडेच राहायला आलो. तेव्हा तू मला अंगणात उभं करून म्हणालीस, "आता या घरातलं मोठं मोठं तू ठरवायचं. माझी ठरवायची वर्षं झाली." मी म्हटलं, मला जमणार नाही. तू म्हणालीस, "मग एवढी वर्षं चहा फुकट पाजला की काय?"

आणि पुढच्याच वर्षी मी पहिलं मोठं ठरवलं. घर.

तुझं जुनं घर कुडाचं. कारवीच्या भिंती, वर शेणाचं सारवण, त्यावर कौलं. मला त्याची लाज वाटायची, आता कबूल करते. मिनूच्या शाळेतल्या पोरींची घरं विटांची झाली होती. घरकुलाच्या यादीत तुझं नाव आलं तेव्हा मी नाचलेच. तू मात्र तीन दिवस भांडलीस. "ह्या घरात थंडीत ऊब असते. वीट गार पडते गे. आणि कुड हलतो आणि पुन्हा उभा राहतो, वीट हलली की फुटते." मी म्हटलं, "आत्या, वीट कशाला हलेल? आपल्याकडे काय भूकंप होतात?" आत्या, हे मी म्हटलं होतं. याच तोंडाने म्हटलं होतं. तू म्हणालीस, "नसेल होत. पण मला नको." जागा एकच होती, म्हणजे नवं बांधायचं तर जुनं पाडायलाच हवं. चौथ्या दिवशी मी चहाच्या आधी सांगितलं, "माझं ठरलं. पक्कं घर बांधायचं." तू कप खाली ठेवलास, मागून पहार आणलीस आणि पहिला कुड तूच पाडलास. मी तेव्हा मनात म्हटलं, बघा, आमची आत्या! तुझा केवढा अभिमान वाटला मला. तुला भिंतीवरून हात फिरवताना मी बघितलं होतं, पण त्याचा अर्थ लावायला मी थांबले नाही.

तीन वर्षं सगळं बरं चाललं. मग या थंडीच्या तोंडावर जमीन हलायला लागली.

पहिला धक्का मला आठवतो, कारण आपण दोघी भांडी घासत होतो. घराखालून मोठा ट्रक गेल्यासारखा आवाज झाला आणि मांडणीवरचे पेले आपोआप वाजले. तू म्हणालीस, "कोण गे?" जणू कुणी दार वाजवलं होतं. मग ते रोजचंच झालं. दिवसातून एकदा, कधी तीनदा. गावातली माणसं चालता चालता थांबायची, हाताने थांब म्हणायची आणि पुन्हा चालायला लागायची. शाळेत पोरांना बाकाखाली शिरायला शिकवलं. आणि एका दुपारी स्वयंपाकघराच्या भिंतीला खालपासून वरपर्यंत भेग गेली. तिच्यात माझं नख जात होतं.

गावात तंबू वाटले होते. मी सतरा जणांना विचारलं, तुझ्या नियमाप्रमाणे. सरपंचांना विचारलं, शाळेच्या बाईंना विचारलं, प्रकाशच्या कारखान्यातल्या मिस्त्रीला विचारलं. सगळे म्हणाले, स्लॅबखाली झोपू नका. एका माणसाला मात्र मी विचारलं नाही, आणि ती तू होतीस. का विचारलं नाही माहीत आहे? मला भीती होती की तू म्हणशील, कुडाचं घर असतं तर. मला ते ऐकायचं नव्हतं. म्हणून दुसऱ्या दिवशी चहाच्या आधी मी घाईघाईने सांगून टाकलं, "माझं ठरलं. धक्के थांबेपर्यंत सगळ्यांनी तंबूत झोपायचं."

तू म्हणालीस, "तुझं ठरलं ना? मग झालं."

तुझी छाती कमजोर आहे हे मला माहीत नव्हतं असं नाही. दर थंडीत तुला काढा लागतो, शेक लागतो. पण मला डोळ्यांसमोर फक्त तो स्लॅब दिसत होता. तंबूला खालून ओल यायची, वरून दव गळायचं, आणि डोंगरावरचा वारा कापडाच्या फटीतून सरळ आत. मी तुला दोन गोधड्या दिल्या, माझी शाल दिली. रोज सकाळी विचारायची, "बरं वाटतंय ना?" तू म्हणायचीस, "हवा मोकळी आहे." आत्या, तू खोकायचीस ते ऐकू येत होतं मला. पण तू सकाळी उठून रोपांना पाणी घालायचीस, मिनूची वेणी घालायचीस, भांडायचीस, आणि मी समजून घेतलं की बरी आहेस. समजून घेतलं कसलं, मला तेच सोयीचं होतं.

एका सकाळी तू वेणी घालता घालता थांबलीस आणि मिनू ओरडली, "आई, आजीचे हात पोळतायत." डहाणूच्या दवाखान्यात नेईपर्यंत तुला बोलताना धाप लागत होती. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, चांगल्या होत्या. त्यांनी नळी लावून बघितलं आणि मला विचारलं, "छाती पूर्ण भरली आहे यांची. ताप कधीपासून आहे?" मी म्हटलं, "आजच आलाय." त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा विचारलं, "नीट आठवा. कधीपासून?" मी तुझ्याकडे बघितलं. तू डोळे मिटून घेतलेस. तेव्हा मला वाटलं, दमली असशील.

चार दिवस त्यांनी जे करता येईल ते सगळं केलं. मी तुझ्या उशाशी होते. मला सॉरी म्हणायचं होतं गं. पण सॉरी म्हणायचं म्हणजे तू जाणार हे मान्य करायचं, म्हणून मी तुला मिनूच्या शाळेच्या गमती सांगत बसले. तू तोंडावरचा मास्क बाजूला करून एवढंच म्हणालीस, "जोडाला बोट लावून बघ. गार लागला तर थांब." कलमांचं बोलत होतीस. मी म्हटलं, "हो आत्या." दुपारी तू गेलीस. आपलं शेवटचं बोलणं पंचवीस पिशव्यांवर झालं.

बाराव्याला वरोरची कमळीमावशी आली होती, सुकी मासळी घेऊन आपल्याकडे येते ती. तुझी जुनी मैत्रीण. जेवण झाल्यावर ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "पोरी, तुला सांगू की नको कळत नाही. मी आलते तवा जमनाला ताप होता. अंग नुसतं भाजत होतं. आठ-धा दिवस झालेत म्हणाली. मी बोलले, रंजूला सांग, घरात झोप जा. तर मला कशी म्हणते, नाय गे, तिचं ठरलंय. आता मी कुरकुरले तर ती पुना आयुष्यात काय ठरवायची नाय."

मी तिथेच खाली बसले, आत्या. मावशी म्हणत होती, "अगं रडू नको, तिला तुझं किती कौतुक होतं." कौतुक! दहा दिवस तापात भाजत तू माझ्या ठरवण्याची राखण करत बसलीस. कुणी सांगितलं होतं तुला? तू मला धीट करायला निघालीस आणि त्यासाठी स्वतःला ओलीत झोपवलंस. मला असला धीटपणा नको होता. मला तू हवी होतीस. एकदा ओरडली असतीस, "रंजे, मूर्ख आहेस तू, मला थंडी वाजते," तर मी चिडले असते, तणतणले असते, आणि तुला उचलून आत नेलं असतं. साठ कलमं वाळवली तेव्हा मोठ्याने रडलीस ना माझ्यासमोर? मग तापात का नाही रडलीस? तिथे का तुझा नियम आडवा आला?

लोक येतात आणि म्हणतात, जमनाबाई किती खंबीर होत्या, शेवटपर्यंत कुणाला त्रास दिला नाही. मी मान हलवते. मनात म्हणते, द्यायला हवा होता. खूप त्रास द्यायला हवा होता.

आणि घर? घर अजून उभं आहे, आत्या. तीच एक भेग, ती तेवढीच आहे. एक पोपडासुद्धा पडलेला नाही. तू त्या महिन्यात रोज आत झोपली असतीस तर आज मिनूची वेणी घालत असतीस. रोज सकाळी तंबूतून बाहेर आले की ते समोर दिसतं, गुलाबी रंगाचं, तू निवडलेल्या रंगाचं. आता मी तुला जे सांगणार आहे ते प्रकाशलाही सांगितलेलं नाही. धक्का बसला की गावातली माणसं देवाचं नाव घेतात. मी घराकडे बघते आणि म्हणते, पड. पड एकदाचं. ते पडलं तर मी बरोबर होते. ते पडलं तर मी तुला मारलं नाही, वाचवायला गेले होते. अठरा दिवस मी आपल्या स्वतःच्या घराचं वाईट चिंतते आहे.

मिनू शाळेतून आली. थांबते.

पुन्हा लिहायला बसले आहे.

मिनू आली, खोकतच आली. दप्तर माझ्या पुढ्यात टाकून पाणी प्यायला आत गेली. मी अंगणात वही मांडीवर घेऊन बसलेली, आणि नजर भिंतीवर. सवयच झाली आहे, मनातल्या मनात म्हटलं, पड एकदाचं. आणि जमीन हलली. नेहमीसारखी नाही, आत्या. जमिनीने मला बसल्या जागेवरून आडवं केलं. शेजारची माणसं ओरडत बाहेर धावली. आतून मांडणी कोसळल्याचा आवाज आला, आणि मग मिनूचा.

मी काही ठरवलं नाही. मी आत धावले. सगळे बाहेर पळत होते आणि मी दारातून आत घुसले, तोंडाने काय ओरडत होते माहीत आहे? "नको, नको, पडू नको, मी खोटं बोलले!" घराशी बोलत होते मी. मिनू तुझ्या खाटेखाली शिरली होती, शाळेत शिकवल्यासारखी, डोक्यावर दोन्ही हात. मी खाटेखाली सरकून तिच्यावर पालथी पडले. डोळे मिटून वाट बघत राहिले.

घर पडलं नाही. पेले लोळत लोळत थांबले. मिनू माझ्याखालून म्हणाली, "आई, तू जड आहेस."

बाहेर आणलं तिला. पाणी पाजलं. दोघी तंबूच्या तोंडाशी बसलो आणि मी, तुझी रंजू, कधी नव्हे ते पोरीला विचारलं, "मिनू, आज कुठे झोपायचं गं? मला खरंच कळत नाहीये."

ती म्हणाली, "तंबूत मला थंडी वाजते. रोज वाजते."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुझं ठरलं होतं ना. आजी म्हणाली होती, आईचं ठरलं की कुरकुरायचं नाही."

मी तिला इतकी घट्ट धरली की ती पुन्हा खोकली. तिला म्हटलं, "यापुढे कुरकुरायचं. थंडी वाजली, दुखलं, भीती वाटली, की लगेच कुरकुरायचं. माझं कितीही ठरलेलं असू दे." आत्या, तुझा नियम मी मोडला. तुझ्यासमोर मोडायला हवा होता, तेवढी अक्कल नव्हती. तुझ्यामुळेच मला उभं राहता आलं हे मी कधी विसरणार नाही, तो चहा, ती लाल फीत, सगळं मिनूला देईन. हे एक देणार नाही.

"मग सांग," मी म्हटलं. "घरात झोपायचं?"

"घरात भीती वाटते." तिने नाक पुसलं आणि मागच्या परसाकडे बोट केलं. "आपण रोपांच्या घरात झोपू ना. ते पडलं तर गवतच पडेल."

मी उठले आणि मागे गेले. तुझा रोपांचा मांडव. बांबूचे खांब, वर गवत, आणि तीन बाजूंनी पेंढा घट्ट रचलेला, कारण नव्या कलमांना वारा सोसत नाही, म्हणून दर दिवाळीनंतर तू स्वतःच्या हाताने तो बंद करतेस. याही वर्षी केला होतास, तंबूत जायच्या थोडे दिवस आधी. मी आत वाकून शिरले. उबदार होतं गं. माती कोरडी होती. वारा कुठून येत नव्हता. तू रोज सकाळी तंबूतून खोकत उठायचीस आणि इथे येऊन या रोपांना पाणी घालायचीस. तुला हे सुचलं नाही असं मला कुणी सांगू नये. तुझ्या हाताने बांधलेला मांडव आहे हा. तुला पहिल्याच दिवशी सुचलं असणार, आणि तू माझ्या विचारण्याची वाट बघितली असणार.

मिनू मागोमाग आली. तिने एकेक करून खिरणीच्या रोपांच्या पिशव्या कडेला सरकवायला सुरुवात केली, तुझ्यासारखीच, बुडाला हात लावून. मग कमरेवर हात ठेवून जागा बघत म्हणाली, "आई, आजीची खाट मावली असती इथे?"

मी घरात गेले. भेगेकडे बघितलं नाही. तुझी खाट डोक्यावर घेऊन मागे आणली, आडवी करून आत घेतली आणि खाली ठेवली.

मावली, आत्या. पायथ्याशी मला बसायला जागाही उरली.